कोरड्या फडक्याची देवी

दैवशाला जिना चढून आली ती रडत नव्हती, नुसती धुमसत होती.

"माझ्या आईला भर चौकात चोर म्हणायलेत," ती म्हणाली. "संध्याकाळी पोलिसात देणार म्हणं. ताई, तुमी चला."

कळंबच्या मोंढ्यात, आडत दुकानाच्या वर मिनाजचं तपासाचं ऑफिस. वैजनाथ तिचा मदतनीस, गाडीबी तोच चालवायचा. त्याचं डोकं सकाळपासून तापलेलं. पंखा बंद, क्लच अडकतोय, अन् आता हे.

"काय चोरलं?" त्यानं विचारलं.

"देवी. मातीची. दोन हजार वर्षांची हाय म्हणत्यात."

ढोकीच्या रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर आडवा. वैजनाथ हॉर्न बडवून शिव्या देत होता अन् मिनाज मागं बसून दैवशालाला बारीकसारीक विचारत होती. दैवशालाची आई बानूबाई गावातल्या इतिहासाच्या दालनात झाडलोट करायची. दालन शिवप्रसाद सरांचं, रिटायर झाल्यावर घराला लागूनच बांधलेलं. जगातल्या जुन्या संस्कृती तिथं मातीत मांडलेल्या. सगळ्या नकला. खरी एकटी देवी, काचेच्या कपाटात, कुलुपात. किल्ल्या दोन. एक सरांकडं, एक बानूबाईकडं.

सर दारातच उभे होते.

"काल मंगळवार. सकाळी बाई झाडून गेली, दुपारी बघतो तर कपाट रिकामं! कुलूप जसंच्या तसं. उद्या पुरातत्त्ववाले देवी न्यायला येणार. त्यांना काय दाखवू मी?"

"सापडली कुठं होती, सर?" मिनाजनं विचारलं.

सर खुलले. "आमच्याच विहिरीत, गाळ काढताना. पाण्याखाली चिखलात रुतलेली. मीच नळाखाली धरून धुतली. डोळ्याची रेघसुद्धा पुसली नव्हती!"

मग सर सुटलेच. हे सुमेर, इराकातलं. हा त्यांचा पायऱ्यापायऱ्यांचा देवळाचा डोंगर, आत कच्च्या विटा, बाहेरून भाजलेल्या, म्हणून पाऊस सोसला. तिथले पुजारी देवाला रोज न्हाऊ घालायचे, जेवू घालायचे. "धर्म पोथीत नंतर आला," सर म्हणाले, "आधी तो माणसाच्या हातात होता."

वैजनाथला जांभई आली. चोर सोडून हे काय ऐकत बसायचं?

मिनाज रिकाम्या कपाटावरची पाटी वाचत होती. 'पाणी लावू नये. कोरड्या फडक्यानेच पुसावे.' पाटी नवीकोरी.

"ही कधी लावली?"

"झाला महिना. जुनी वस्तू, जपायला नको?"

कोपऱ्यात बानूबाईची परात पडली होती. काठाला काळा चिखल वाळलेला, त्यात लाल ओघळ, अन् चिमूटभर हळद.

"देवी रंगानं कशी होती, सर?"

"लाल. गेरूसारखी."

मिनाजनं पिशवीतली पाण्याची बाटली काढली अन् सरळ त्या सुमेरच्या डोंगरावर रिकामी केली.

"अहो बाई!" सर किंचाळले. वैजनाथनं कपाळावर हात मारला. पाणी टपाटपा गळालं. मातीचा कणबी सुटला नाही.

"कुणी बनवलं?"

"विरेशनं," सर धापा टाकत म्हणाले. "मागंच भट्टी हाय त्याची."

विरेश भट्टीपुढं राखेत बसला होता. "देवीला सरांनी मला हातबी लावू दिला नाही, ताई. अन् मी कच्चं देत न्हाय. माझी वस्तू भट्टीतनं निघाल्याबिगर दाराबाहेर जात न्हाय."

बाहेर येताच वैजनाथ फुसफुसला, "हाच! नकला करणारा गडी. खरी उचलली, नक्कल ठेवली!"

"मग नक्कल कुठाय, वैजूभाई? कपाट तर रिकामं हाय."

वैजनाथनं जीभ चावली. लई राग आला त्याला, स्वतःचाच.

बानूबाई अंगणात तुळशीपाशी बसलेली. कालपासून पोटात घास न्हाय. नुसती तळहात चोळत होती.

"आई, म्या न्हाय चोरली म्हण की!" दैवशाला ओरडली.

"आई गेली," बानूबाई पुटपुटली.

"कोण आई? देवी? कुठं गेली?" वैजनाथनं विचारलं.

"गेली."

"अहो मावशी, असं बोलून तुमीच अडकताव!"

मिनाजनं काहीच विचारलं नाही. तुळशीच्या बुडाशी ओल्या काळ्या मातीत लालसर पट्टा होता, तो तिनं बघितला. "चला," ती म्हणाली, "सगळे दालनात चला."

दालनात सर, विरेश, मायलेकी, सगळे उभे. मिनाज कपाटाला टेकली.

"काल देवी कुणी चोरली न्हाय. काल ती विरघळली. मंगळवार होता. मावशी, तुमी देवीला परातीत बसवून न्हाऊ घातलं. खरं का?"

बानूबाईचा बांध फुटला. "कोरड्या फडक्यानं आईचं अंग पुसायचं, जिवाला लागायचं वं! पाण्यात बसवली अन् फुलं आणाय गेले. येऊन बघते तर पाय गेलेले. उचलली तर हातातच चिखल झाली. तुळशीत घातली म्या. मला वाटलं, माझ्या हातनं आई मेली."

"आई न्हाय मेली. भाजलेली माती पाण्यात विरघळत न्हाय. विहिरीच्या चिखलात युगं काढलेली देवी परातभर पाण्यात कशी जाईल? कालची मूर्ती कच्ची होती. काळ्या मातीची, वरनं गेरू फासलेली. विरेश कच्चं देत न्हाय, ते मी पाणी ओतून बघितलं. अन् किल्लीबी त्याच्याकडं न्हाय." मिनाज सरांकडं वळली. "नळाखाली धुतलेल्या देवीला महिन्यापासून पाणी का चालेना, सर? पाटी लावणाऱ्याला ठाऊक होतं की आत कच्ची हाय."

सरांनी खिशातली किल्ली चाचपली.

"पुरातत्त्ववाल्यांना तुमच्या हातची नक्कल द्यायची, खरी घरात ठेवायची. पण नक्कलच विरघळली. काल परात बघून तुम्हाला सगळं कळलं होतं. तरी चोर म्हणालात, कारण उद्यासाठी तुम्हाला एक चोर लागत होता."

"माझ्या विहिरीतली होती ती," सर कसंबसं म्हणाले. "जन्मभर पोरांना पुस्तकातली चित्रं दाखवली. एक खरी वस्तू हाती आली, तीबी न्यायला निघाले."

आत जाऊन त्यांनी कापडात गुंडाळलेली देवी आणली. "घ्या बानूबाई, दर्शन घ्या. झालं ते झालं. आता पोलीस नको."

वैजनाथच्या मुठी वळल्या. 'झालं ते झालं' म्हणे!

बानूबाईनं हात जोडले नाहीत. पदर खोचला.

"आधी चौकात चला."

ती पुढं, सर मागं. चौकातल्या हॉटेलावर चहा पिणारी माणसं उठून उभी राहिली. सरांनी तोंड उघडलं. "बानूबाईनं... काही..."

मागं उभ्या माणसांना ऐकूच गेलं नाही.

"मोठ्यानं, सर," बानूबाई म्हणाली. "चोर म्हणताना घसा बसला नव्हता तुमचा."