वरच्या ओळीतला फोटो

सिद्धेशच्या हळदीचा बॅनर घरीच करायचं ठरलं आणि ते काम ओघानेच त्याच्या बहिणीकडे, मानसीकडे आलं. कॉलेज शिकलेली, लॅपटॉपवर हात बसलेला. फक्त स्वभावाने भारी भित्री. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची.

वेसाव्याच्या कोळीवाड्यातलं त्यांचं घर अगदी पाण्याकाठी. दुपारची वेळ, माणसं जेवून लवंडलेली, वाऱ्यावर सुकटीचा वास. खिडकीशी बसून तिने बॅनर डिझाइन करायची वेबसाइट उघडली आणि घरातले फोटो एकेक करून अपलोड करायला घेतले. नवरा-नवरी झाले, मामा झाले. राहिले बाबा.

बाबा, म्हणजे रामचंद्र, काही वर्षांपूर्वी वादळात होडीसकट गेले ते आलेच नाहीत. देहही मिळाला नाही, म्हणून आईने अजून कुंकू पुसलं नव्हतं. आणि बॅनरवर गेलेली माणसं वरच्या ओळीत असतात, शेजारी समई. हयात माणसं खाली, निमंत्रक म्हणून.

"वरच लाव," सिद्धेश दारातून म्हणाला. "किती दिवस लोकांना हसवायचं यार? आणि संध्याकाळी फाइल द्यायचीय फ्लेक्सवाल्याला."

"लावा, लावा वर," आतून आई, जानकी, म्हणाली. "मंग तुला पयली हलद कोन लावंल? रांडमुंड बाईचा हात चालंल तुज्या काकीला?"

सिद्धेश चपला घालून निघून गेला.

मानसीने बाबांचा फोटो अपलोड केला. धक्क्यावर उभे होते, कोरडे ठणठणीत, हसत. वरच्या ओळीत, समईशेजारी ठेवून तिने मागचं चित्र काढून टाकायचं बटण दाबलं. धक्का गेला, होड्या गेल्या, बाबा राहिले. पण पावलं नव्हती. घोट्यापाशी सरळ, आडवी रेघ.

नेटचा घोळ असेल, म्हणून तिने फोटो पुन्हा अपलोड केला. या वेळी रेघ गुडघ्यापाशी आली. मग कमरेपाशी.

खिडकीखाली भरतीचं पाणी पायऱ्यांना लागत होतं. चुबुक... चुबुक... तिने मोबाइलमधला मूळ फोटो पाहिला. त्यात बाबा पायांसकट उभे होते. तिने शेवटचं म्हणून बटण दाबलं. आता छातीच्या वर तेवढे बाबा उरले होते, आणि हसू गेलं होतं. हनुवटी वर उचललेली... नाकातोंडात पाणी जाऊ नये म्हणून माणूस उचलतो तशी.

"आई..." तिने हाक मारली. "आई, इकडे ये ना गं..."

जानकी हात पुसत आली. स्क्रीनकडे बघत राहिली.

"त्याला माज्या बाजूला ठेव गो," ती हळूच म्हणाली. "दमला असंल."

मानसीने समई पुसली, फोटो खालच्या ओळीत आईशेजारी आणला आणि बटण दाबलं. बाबा पावलांसकट आले. हसत. तिने खाली नावं टाकली, निमंत्रक रामचंद्र आणि जानकी, आणि दादा ओरडला तर ओरडू दे म्हणत फाइल फ्लेक्सवाल्याला पाठवून दिली.

"हळद तूच लाव," ती आईला म्हणाली.

लॅपटॉप मिटता मिटता मानसीची नजर बाजूच्या पट्टीवर गेली. अपलोड केलेल्या फोटोंच्या खाली एक फोटो तिचा नव्हता. समुद्राच्या बाजूने काढलेला, पाण्याच्या अगदी सपाटीवरून. दूर कोळीवाडा, आणि मधोमध त्यांचं घर. लग्नासाठी कालच दिलेल्या पोपटी रंगाचं.

"आई, हा कोणी काढला?"

जानकीने तांब्या भरला आणि पाय धुवायला म्हणून उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवला.

मानसी स्क्रीनकडे बघत राहिली. पट्टीत अजून एक फोटो हळूहळू अपलोड होत होता. त्यात घर जरा मोठं दिसत होतं.