तुम्ही असाल तर

रताळी द्यायला गेले होते, बाकी काही नाही. डोक्यावर टोपली, आणि न्यांगाच्या डोंगरावर ते आपलं नेहमीचं धुकं. दोन हातांवरचं माणूस दिसत नव्हतं. पण सकाळ होती हं. भुताखेतांची वेळ नव्हती.

मुचानेता म्हणजे माझी सख्खी आत्या. दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं. चूक माझीच. माझ्या लग्नात तिनं नाक मुरडलं, तो राग मनात होता. झऱ्यावर ती समोर आली, तर मी घागर उचलून तशीच पुढे गेले. टाळी नाही, ‘कशा आहात’ नाही. आपल्यात आधी धाकट्यानं टाळी वाजवून विचारायचं. मग थोरल्यानं म्हणायचं, “मी आहे, तू असशील तर.” त्यावर धाकट्यानं “आहे” म्हटलं, की दोघांचंही असणं पक्कं. आत्या मागून एवढंच म्हणाली, “विचारलं नाहीस ना? मग मी नाहीच.” मी फिसकन हसले. काय अक्कल होती बघा!

तर तिच्या कुंपणाशी गुडघे टेकले आणि हात एकावर एक आडवे धरून ओंजळीची पोकळ टाळी वाजवली, आपल्या बायकांची असते तशी. “कशा आहात, आत्या?”

चुलीचा धूर नाही, नुसता ओल्या मातीचा वास. मग धुक्यातून तशीच टाळी आली. सावकाश.

“मी आहे, पोरी... तू असशील तर.”

“आहे, आत्या, आहे!” मला रडूच फुटलं. “रताळी आणलीयत.”

“ठेव तिथं...”

ठेवली. हलकी होऊन परत निघाले. ओढ्याशी चाकानेत्सा आजोबा भेटले, तिचे शेजारी.

“उशीर केलास गं, शुवाई. पाच दिवस झाले पुरून. ओढ्याला पूर, निरोप कसा धाडणार?”

“कुणाला पुरून?”

“वेड पांघरतेस का? तुझ्या आत्याला! शेवटपर्यंत विचारत होती, शुवाईची टाळी ऐकू आली का म्हणून.”

दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याच कुंपणाशी टाळी वाजली. नवऱ्यानं, फरिराईनं, माझा हात धरला. “ओ देऊ नकोस.”

“म्हणजे पुन्हा तिला ओलांडून जाऊ? नाही जमायचं मला.”

बाहेर गेले आणि तिच्याआधी मीच विचारलं. तिनं म्हटलं, “मी आहे, तू असशील तर.” मी म्हटलं, “आहे.” झालं, धुकं निवळलं. तेव्हापासून चार महिने रोज कोंबड्याच्या आधी उठते. आधी आपण विचारायचं, तेवढं सांभाळायचं; म्हणजे तिचं असणं आपल्यावर टेकतं, आपलं तिच्यावर नाही. पहिल्यांदा भीती वाटली. मग खरं सांगू, बरंच वाटायला लागलं. माझी आत्या मला परत मिळाली होती.

पण काल रात्रभर आमची पोर तापानं फणफणली होती. आज पहाटे अर्धवट झोपेत मी मक्याची पेज ढवळत होते. टाळी वाजली. मी तोंड उघडायच्या आत बाहेरून आवाज आला, “कशी आहेस, शुवाई?”

सवय हो, मेली सवय! पळी सोडली, टाळी वाजवली आणि चांगल्या घरच्या सुनेसारखं सगळ्या घराच्या वतीनं म्हणून बसले, “आम्ही आहोत, आत्या... तुम्ही असाल तर.”

त्यावर तिनं “आहे” म्हणायला हवं होतं.

ऊन आलं, धुकं गेलं, कुंपणाशी कुणी नाही. फरिराई आत्याला हाका मारत डोंगराकडे गेलाय. तुम्ही टाळी वाजवलीत, मला वाटलं तीच, म्हणून मी तशी धावत आले. बसा, पण हळू बोला... पोर झोपलीय. ताप उतरलाय, अंग गार लागतंय. तिचे हात बघितलेत? कधीपासून ओंजळ करून, एकावर एक आडवे धरून ठेवलेत.

आठ महिन्यांची आहे हो. तिला टाळी अजून कुणी शिकवलेली नाही.