बाटलीतली केळ

सांगली-सातारा गाडी इस्लामपुरातून निघाली आणि वल्लरीच्या मांडीवरचं खोकं पुन्हा घसरलं. तिनं ते दोन्ही हातांनी आवळून धरलं. खिडकीतून श्रावणाची सर आत येत होती, वेणी निम्मी भिजली होती, पण केसांकडे बघायला हात मोकळा कुठे होता?

"लोणचं हाय का त्यात?" शेजारच्या तरुणानं विचारलं.

"नाही."

"मग इतकं जपताय ते..."

"केळी आहेत."

त्यानं वाकून पाहिलं. जॅमच्या रिकाम्या बाटल्यांत तळाशी पांढरट जेली, आणि तिच्यात करंगळीएवढी हिरवीगार रोपं उभी. तो बघतच राहिला. मग अगदी गंभीर चेहरा करून म्हणाला, "आमच्याकडं केळ जमिनीत लावत्यात."

वल्लरीला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रागही आला. विश्रामबागेतल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी मुलगी ती; तिच्या विषयाची एसटीत अशी थट्टा? तिनं मान ताठ करून सांगितलं, की चांगल्या केळीच्या कोंबाचा एवढासा तुकडा घेतला, तर बाटलीत शेकडो रोपं वाढवता येतात. सगळी निरोगी आणि सगळी एकसारखी.

"मेंढरांचं असं जमतं का?"

"मेंढरांचं आपल्याकडे अजून नाही जमलेलं. का?"

"वडलांची हायत, माणदेशात. एक बकरं लय गुणाचं हाय, म्हणून विचारलं." त्यानं हात पुढे केले. "आणा ते खोकं. तुमची बोटं पांढरी पडलीत."

कराड गेलं, उंब्रज गेलं. प्रत्येक खड्ड्याला तो खोकं मांडीवरून अलगद वर उचलायचा आणि खड्डा सरला की खाली ठेवायचा. वल्लरीनं खिडकीबाहेर बघायचं ठरवलं होतं, पण नजर मेली सारखी त्या हातांकडेच वळत होती. साताऱ्यात त्यानं खोकं रिक्षात ठेवून दिलं आणि नावगाव न विचारता चालता झाला. जाऊ दे, आपल्याला काय करायचंय, असं तिनं स्वतःला दोनदा बजावलं.

तासाभरानं उद्योग खात्याच्या कचेरीत ती ज्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली, त्या टेबलामागे तोच बसला होता. समोरच्या पाटीवर नाव होतं, धनाजी.

"या, बसा," धनाजी म्हणाला. इथे त्याची भाषा इस्त्री केलेली होती. "लोणचं आणलंत?"

काम मात्र त्याला नीट ठाऊक होतं. दोन जिल्ह्यांनी मिळून ऊतिसंवर्धनाचं, म्हणजे बाटलीत रोपं वाढवण्याचं, एक केंद्र काढायचं होतं. सरकारनं साताऱ्याच्या एमआयडीसीत जागा आणि शेड द्यायची, ज्ञान सांगलीच्या कॉलेजानं द्यायचं, रोपं कृष्णाकाठच्या बागाईतदारांनी घ्यायची. दसऱ्यानंतर विद्यापीठाची समिती वल्लरीची कॉलेजातली प्रयोगशाळा बघायला येणार होती. तिचं मन भरलं तर केंद्र इथे, नाहीतर पैसा पुण्या-मुंबईकडे वळायला कितीसा वेळ?

"आणि इथे नाही झालं, तर तुम्ही काय कराल?" त्यानं विचारलं.

"बंगलोरच्या एका कंपनीनं बोलावलंय. दिवाळीपर्यंत कळवायचंय."

धनाजीनं समोरची फाईल जवळ ओढली. मग म्हणाला, "मग झालंच पाहिजे." त्याचे कान लाल झाले होते.

तेव्हापासून सरकारी कामाला इतकी गती आली, की खातं स्वतःच चकित झालं असेल. दर गुरुवारी धनाजी साहेबांचं सांगलीत काहीतरी काम निघायचं. कधी विजेचा भार बघायचा, कधी पाण्याची टाकी मोजायची. एकदा तर तो नुसता खिडक्या बघायला आला, आणि प्रयोगशाळेच्या खोलीला खिडक्या नव्हत्याच. वल्लरीनं चहा पाजला आणि काही विचारलं नाही. गुरुवार आला की ती अबोली साडी नेसते, हे तिच्या आईच्या लक्षात आलं होतं. तिच्या स्वतःच्या मात्र आलं नव्हतं... निदान तसं ती म्हणायची.

प्रयोगशाळेच्या दारात पहिल्यांदा तो अडखळला. चपला बाहेर, हातपाय धुणं, पांढरा झगा, डोक्याला टोपी. आत एक काचेची पेटी होती, तिच्यातून गाळलेली हवा वाहायची, आणि बाटल्या उघडायच्या त्या फक्त त्या पेटीत.

"देवघरापेक्षा कडक हाय की हे," तो पुटपुटला.

"तसंच समजा. हे आमचं सोवळं."

तो उंबऱ्यावरच थांबला. "सोवळ्यात आमाला येता येतंय?"

थट्टेनं म्हणाला होता, पण थट्टेखाली काहीतरी जुनं दुखणं होतं. वल्लरीनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "इथलं सोवळं साबणाचं असतं. हात धुतले, की या."

त्यानं कोपरापर्यंत हात धुतले. पेटीसमोर बसून चिमट्यानं रोप उचलायला ती शिकवत होती, आणि त्याचा श्वास रोपावर जाऊ नये म्हणून त्याची मान हलकेच बाजूला वळवताना तिची बोटं त्याच्या गालाला लागली. रोप वाचलं. बाकी दोघांचं काय झालं ते विचारू नका.

नवरात्रात ती आजोळी वाईला निघाली. समितीसाठी वाढवलेल्या बाटल्या मांडणीवर सज्ज होत्या. खात्याच्या कामासाठी नवरात्रभर सांगलीतच राहणाऱ्या धनाजीच्या हातात तिनं किल्ली दिली. "वीज जाऊन आली, की खोली थंड ठेवणारं यंत्र पुन्हा चालू करायचं, एवढंच. माझा जीव आहे त्या खोलीत."

"डोळ्यांत तेल घालून जपतो," तो म्हणाला, आणि त्यानं अक्षरशः जपलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती परत आली. धनाजी दारातच उभा होता, नवा सदरा घालून, काही बक्षीस मिळवून आलेल्या पोरासारखा. काचेच्या पेटीला झेंडूची माळ होती. वल्लरी हसली. मग मांडणीजवळ गेली, आणि एकामागून एक बाटल्या उचलून बघू लागली.

प्रत्येक बाटलीत, प्रत्येक रोपाच्या माथ्यावर, हळदीचा पिवळाधमक ठिपका होता.

"काल खंडेनवमी नव्हती का... परवा," तो उत्साहानं सांगू लागला. "आमच्यात त्या दिवशी एकपण हत्यार कोरडं ठेवत न्हाईत. तर यंत्र कसं ठेवायचं? आन् रोपं तर जितीजागती. आईनं बिरोबाचा भंडारा बांधून दिला होता. सगळं तुमच्या नेमानं केलं हां. हात धुतले, झगा घातला, पेटीतच बाटल्या उघडल्या, एकेक चिमूट वाहिली, झाकणं लावली. देव्हाऱ्याला शोभंल असं सोवळं पाळलं."

सगळे नियम त्यानं पाळले होते. करायला गेला गणपती आणि झाला मारुती. त्या चिमूटभर हळदीत बुरशीचे किती कण असतील, हे त्याला कुणी सांगितलं होतं? आठवड्याच्या आत ती साखरेची जेली पांढऱ्या-काळ्या लवेनं भरून जाणार होती. आणि समिती आठवड्यावरच होती.

"काय केलंत हे तुम्ही..." तिचा आवाज फाटला. "सगळं नासलं. सगळं सोवळं मोडलंत. तुम्हाला आत घ्यायलाच नको होतं."

शब्द तोंडून गेले आणि तिला ऐकू आले. धनाजीचा चेहरा उतरत गेला. त्यानं टोपी काढली, झग्याची घडी घातली, किल्ली टेबलावर ठेवली.

"बरोबर हाय तुमचं," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

बाहेर परतीचा पाऊस कोसळत होता आणि त्याची छत्री दारामागेच राहिली होती. वल्लरी दारापर्यंत धावली, पण फाटकात कुणी नव्हतं. ती तिथेच पायरीवर बसून रडली. बाटल्यांसाठी थोडं, आणि त्या उतरलेल्या चेहऱ्यासाठी बरंच. साताऱ्याला फोन लावला तर साहेब रजेवर गावी गेल्याचं कळलं. पुढच्या दिवसांत बाटल्यांवर लव चढत गेली, आणि ती ते बघत एकाच गोष्टीचा विचार करत राहिली. आपण त्याला काय करायचं ते शिकवलं, का करायचं ते नाही. सोवळं म्हटलं आणि मोकळ्या झालो. सोवळ्यात कारण विचारायचं नसतं, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

समितीच्या दिवशी प्राचार्य सुमंत सरांनी तिला बाजूला घेतलं. "मागच्या खोलीतल्या चार बाटल्या चांगल्या आहेत. तेवढ्याच मांडू. नासलेल्या कपाटात."

"नको सर," ती म्हणाली.

तिनं सगळ्या बाटल्या टेबलावर मांडल्या. समितीच्या प्रमुख चारुशीलाबाई विद्यापीठातल्या जुन्या प्राध्यापिका होत्या, कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी एक बाटली उजेडात धरली, चष्मा वर केला.

"ही कुणाची करामत?"

"माझी," वल्लरी म्हणाली.

"माझी," दारातून आवाज आला.

धनाजी उभा होता. दाढी वाढलेली, पायाला माणदेशची धूळ. "बाई, मॅडमचा काही दोष नाही. भंडारा मी वाहिला. केंद्र नामंजूर करायचं तर माझ्या चुकीपायी करू नका, एवढं सांगायला आलोय."

"चूक शिकवणाऱ्याची असते," वल्लरी पुढे झाली. आता तिला थांबायचं नव्हतं. "बाई, सरकार शेड बांधेल, विद्यापीठ यंत्रं देईल. पण त्या शेडमध्ये कामाला इथलीच माणसं येणार, यांच्यासारखी, जीव लावणारी. त्यांना नुसते नियम दिले तर दर खंडेनवमीला हेच होईल. कारण समजावलं, तर हीच माणसं डोळ्यांत तेल घालून राखतील. मला एक माणूस मिळाला होता तसा. मी त्याला नीट शिकवलं नाही आणि वर नको ते बोलले." ती धनाजीकडे वळली. "त्याची मी सगळ्यांसमोर माफी मागते."

सुमंत सर छताकडे बघत होते. चारुशीलाबाईंनी आधी तिच्याकडे, मग धनाजीकडे, मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांना जे कळायचं ते कळलं असावं.

"चांगली रोपं मला प्रत्येक कॉलेजात दाखवतात," त्या म्हणाल्या. "नासलेली पहिल्यांदा दाखवली कुणीतरी." मग सहकाऱ्यांशी हलक्या आवाजात बोलणं झालं, बराच वेळ. "पूर्ण केंद्र आत्ता देता येणार नाही. साताऱ्याची जागा राखून ठेवायला सांगते. इथे एक वर्षाचा प्रशिक्षण वर्ग सुरू करा, दोन्ही जिल्ह्यांतल्या मुलामुलींसाठी. वर्षानं मी परत येईन. तुम्ही इथे असाल ना?"

"असेन," वल्लरी म्हणाली. बंगलोर त्या एका शब्दात मागे पडलं.

समितीची गाडी गेली. सुमंत सर पेढे आणायला धावले. व्हरांड्यात दोघंच उरली. पावसानं धुतलेल्या गुलमोहरातून थेंब गळत होते, आणि धनाजी त्यांच्याकडे असा बघत होता, जणू ते मोजायला सरकारनं त्यालाच पाठवलंय.

"राहताय म्हणजे," तो अखेर म्हणाला. "बरं झालं... केंद्राच्या दृष्टीनं."

"हो. केंद्राच्या दृष्टीनं."

"वर्षभर."

"केंद्राला मी वर्ष दिलंय," वल्लरी म्हणाली. या वेळी तिनं नजर वळवली नाही. "जन्माचं मला अजून कुणी विचारलेलं नाही."

धनाजी वळला. इस्त्रीची भाषा, कचेरी, खातं, सगळं कुठल्या कुठे गेलं होतं.

"मला लय भ्या वाटतंय," तो म्हणाला. "घरी मेंढरं हायत, पाणी न्हाई. आई तोंडावर बोलती. तुमच्या घरचे काय म्हणतील, ते तर इचारूच नये. तरी पण... राहशील माझ्यासंगं?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते त्याला कळलं नाही. तिला मात्र कळलं. विश्रामबागेत वाढलेल्या, शुद्ध बोलण्याची बक्षिसं घेतलेल्या वल्लरीनं त्याचा हात हातात घेतला आणि अगदी हळू म्हणाली,

"व्हय."