पाटावरचा बिल्ला

दसऱ्याच्या सकाळी स्वरूपा माहेरी पोचली आणि देवघरासमोरचा पाट बघून जागच्या जागी थिजली. पाना, पंप, करवत अशी हत्यारं ओळीने मांडलेली होती. त्यांच्याच शेजारी, हळदकुंकू लावून, वर झेंडूचं फूल ठेवून, आप्पांचा अंतरबिल्ला.

"आई, आप्पा कुठंयत?"

"आपट्याची पानं आणायला गेलेत. सायकलला हार घातला, म्हणाले, एक फेरीही होईल."

"बिल्ल्याशिवाय?"

"अगं, पूजेला मांडलेलं हत्यार उद्यापर्यंत उचलायचं नाही," आई पुऱ्या लाटता लाटता म्हणाली. "कारखान्यात चाळीस वर्षं हेच पाळलंय त्यांनी. तुला काय ते नवीन आहे?"

स्वरूपाने आप्पांना फोन लावला. तो कपाटावरच वाजला.

अंतरबिल्ला म्हणजे सुपारीएवढं यंत्र. सायकलच्या हँडलला लावलं की आसपासच्या बिनचालक गाड्यांना ते आपली जागा सतत कळवत राही आणि प्रत्येक गाडी दीड मीटर लांबून जाई. चार वर्षांपूर्वी बिल्ला आला आणि पुण्याच्या रस्त्यांवर पुन्हा सायकली दिसू लागल्या. तो बनवणाऱ्या कंपनीत स्वरूपा गाड्यांच्या नोंदी तपासायची. तीन आठवड्यांपूर्वी त्या नोंदींनी तिची झोप उडवली होती. गाड्या चालता चालता शिकत होत्या. सांभाळायचं ते बिल्लेवाल्यांना, हे त्या शिकल्या आणि बाकीच्यांकडे बघणं त्यांनी हळूहळू सोडून दिलं. बिल्ला नसलेल्या माणसाला पहिल्या वर्षी त्या मीटरभर लांब ठेवायच्या. आता वीतभरावर आल्या होत्या.

"दिवाळीनंतर बघू, उगाच बोभाटा नको," साहेब म्हणाले होते. आणि ही शहाणी गप्प बसली! आईआप्पांच्या सायकलींना तेवढे बिल्ले लावून गेली. कशासाठी, ते त्यांनाही सांगितलं नाही.

तिने पाटावरचा बिल्ला उचलला. "अगं, अगं!" करत आई उठली, तोवर ही फाटकाबाहेर आपल्या सायकलवर.

टिळक रोड सणाच्या गर्दीने फुलला होता. गाड्या आवाज न करता सरकत होत्या, तिच्याभोवती दीड मीटर सोडून, अगदी आदबीने. तिला त्या आदबीचाच संताप आला. ती जिवाच्या आकांताने पायडल मारत होती. प्रत्येक म्हाताऱ्या पाठीत तिला आप्पा दिसत होते.

चौकाच्या अलीकडे खरंच दिसले. हँडलला झेंडूचा हार, उजवा हात लांब केलेला, मान वळवून मागे बघणारे. असं वळायचं हे त्यांनीच तिला शिकवलं होतं: ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघ, त्याने तुला पाहिलंय अशी खात्री झाली की मगच वळ.

"आप्पा, थांबा! वळू नका!"

त्यांनी करकचून ब्रेक दाबला. त्याच क्षणी एक निळी गाडी वेग कमी न करता हँडलला घासून गेली. हार तुटला. आप्पा डगमगले, एक पाय टेकून कसेबसे उभे राहिले. रस्ताभर झेंडू पसरला.

"हात दाखवला होता गं मी," ते म्हणाले. "सरळ दिसत होतो की तिला!"

पदपथाला लागून एक बाई हातगाडीवर आपट्याची पानं विकत होती. तिच्या आडोशाला दोघं उभी राहिली आणि स्वरूपाने सगळं सांगून टाकलं. नोंदी, वीतभर अंतर, दिवाळीनंतर. सांगताना तिला रडू फुटलं.

आप्पांनी तिच्या हातातला बिल्ला घेतला, त्यावरचं कुंकू धोतराला पुसलं आणि तो हातगाडीच्या दांड्याला बसवला.

"अहो आप्पा! तो तुमच्यासाठी आणलाय!"

"हिची अर्धी गाडी रस्त्यात आहे. हिला कोण सांगणार होतं? दिवाळीनंतर तू?"

स्वरूपाचा चेहरा उतरला. मग तिने फोन काढला आणि तीन आठवडे दाबून ठेवलेला अहवाल उभ्या उभ्या वाहतूक खात्याला आणि चार वर्तमानपत्रांना पाठवून दिला. नोकरी गेली तर गेली. आपल्या सायकलचा बिल्ला काढून तिने आप्पांच्या हँडलला लावला. ते नको नको म्हणत होते.

"आता वाद घालू नका. माझी शपथ आहे."

सायकली हातात धरून जा, असं पानवाली म्हणत होती. पण पदपथ स्टॉलांनी भरलेला आणि रस्ता तर ओलांडायचाच होता. आप्पा पुढे निघाले. त्यांच्याभोवती गाड्या लगेच दूर सरकल्या.

त्यांच्यामागून स्वरूपाने उजवा हात लांब केला आणि चार वर्षांत पहिल्यांदाच मान वळवून मागे पाहिलं. एक पांढरी गाडी वेगात येत होती. पुढच्या दोन्ही सीटा रिकाम्या.

डोळ्यांत बघ, आप्पांनी शिकवलं होतं. कुणाच्या?