प्रीतमची उसळी

लग्नांचे फोटो काढणाऱ्या बाईला एवढी हातभर लेन्स कशाला हवी, असं सफाळ्यात सगळे दिशाला विचारायचे. आज एडवणच्या किनाऱ्यावर ती लेन्स धाकट्या भावासाठी निघाली होती.

प्रीतमची पोलीस भरतीची ही शेवटची संधी. पुढच्या वर्षी वय उलटणार होतं, आणि सोळाशे मीटरला हव्या असलेल्या पाच मिनिटं दहा सेकंदांपेक्षा त्याला अजून बारा सेकंद जास्त लागत होते. "तू पळत नाहीस, उड्या मारतोस," असं प्रशिक्षकांनी त्याला सुनावलं होतं. त्या हट्टी गाढवाला ते पटत नव्हतं, म्हणून दिशा फोटोतच दाखवणार होती. शटर मुद्दाम मंद ठेवायचं आणि पळणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवायचा. लेन्समधला स्टॅबिलायझर दोन नंबरवर असला की तो आडव्या फिरण्याला अडवत नाही, फक्त हाताची वरखाली थरथर शोषून घेतो. मग फोटोत डोकं वरखाली जितकं फरफटेल, तितकी उसळी प्रीतमची.

सकाळचे आठ वाजले होते. ओहोटीची वाळू टणक होती, किनारा रिकामा. प्रीतम पाण्याच्या कडेने पळाला. दिशाने सुरूच्या झाडांखालून कॅमेरा फिरवला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर मागच्या होड्यांच्या आडव्या रेघा झाल्या होत्या. प्रीतमचं डोकं वरखाली पुसट. त्याच्या मागे चार हातांवर आणखी एक पळणारा होता, आणि तो अगदी स्वच्छ आला होता. कानाची कडसुद्धा दिसत होती.

तिने मान वर केली. प्रीतम एकटाच होता.

तिने स्टॅबिलायझर बंद करून पुन्हा टिपलं. आता तिच्याच हाताच्या थरथरीने सगळं पुसट झालं, होड्या आणि प्रीतमही. मागचा मात्र तसाच स्वच्छ. म्हणजे तिचा हात जसा हलला, तसाच तोही हलला होता.

दिशाने प्रीतमला हाक मारली.

प्रीतम धापा टाकत आला, पडद्यावर वाकला. "ह्यो कोन?"

"मला नाय ठाव. चल, घरी जाऊ."

"थांब गं ताई. ह्याचं डोस्कं बघ, जरा पन हलत नाय. असंच पलायला पायजे."

"अरे, तिथं कोनी नव्हतं!"

"माजं वय थांबनार हाय काय? एकदाच पुरं सोळाशे पलतो. ह्याच्यासारखं."

तो गेलासुद्धा. त्याला नजरेआड करायची दिशाची हिंमत होईना. तिने स्टॅबिलायझर दोन नंबरवर टाकला आणि डोळा लावला.

शेवटच्या टप्प्यात तो समोरून गेला. तिने शटर दाबलं.

त्याने सोळाशे पुरे केले तेव्हा तिच्या घड्याळात चार मिनिटं अठ्ठावन्न.

तिने पडदा पाहिला.

पुढे प्रीतम. स्वच्छ. डोकं जराही हललेलं नाही.

मागचा आता वरखाली फरफटला होता. तोंड उघडं, दम तुटलेला, एक हात तिच्याकडे केलेला.

चेहरा पुसट होता, तरी दिशाने तो ओळखला. त्याला तिनेच कडेवर घेऊन वाढवलं होतं.

शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. कपाळावर घाम नव्हता. एवढ्या जवळून श्वासही ऐकू येत नव्हता.

"तो मागे आहे ना," तो म्हणाला, "तो पुसून टाक."