हॅस्केलकडची दुसरी किल्ली

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या भावाच्या गाडीबाबत घडलंय. मागच्या ऑगस्टमधला रविवार, भरदुपार, अलाबामातलं आमचं पाइन ब्रँचचं चर्च.

हॅस्केल गाड्यांवर कर्ज द्यायचा. गाडीचे कागद ठेवून घ्यायचा आणि दुसरी किल्लीही. व्याज असं, की मुद्दल दोनदा फेडलं तरी कर्ज जिथल्या तिथं.

हप्ता चुकला की तो रविवारी चर्चला यायचा. मागच्या बाकावर बसायचा. सगळ्यांनी प्रार्थनेला डोळे मिटले की हळूच बाहेर...

'आमेन' म्हणेपर्यंत कुणाची तरी गाडी गेलेली असायची.

"एक डोळा देवाकडे, एक गाडीकडे ठेवा रे," असं आमचे पास्टरच म्हणायचे.

जुलैत हॅस्केल मेला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आमच्या पिकअपवरही त्याचं कर्ज बाकी होतं. माझा भाऊ क्लीव्हन हॅस्केलच्या बायकोकडून ती दुसरी किल्ली घेऊन आला. आईला डायलिसिसला न्यायला आमच्याकडे ती एक पिकअपच होती.

त्या रविवारी आईला चर्चच्या पायऱ्या चढवेनात. ती झाडाखाली पिकअपमध्येच बसली, काचा खाली करून.

प्रार्थना सुरू झाली. आम्ही डोळे मिटले.

मागचं बाक करकरलं...

मग बाहेर इंजिन सुरू झालं.

"क्लीव्हन, आपलीच गाडी!" मी ओरडले.

त्यानं खिसा चाचपला. दोन्ही किल्ल्या खिशातच होत्या.

बाहेर पिकअप नव्हती.

आईही नव्हती.

कुठं जायचं ते कुणी सांगायची गरज नव्हती. पास्टरांच्या गाडीतून आम्ही थेट हॅस्केल उचललेल्या गाड्या ठेवायचा त्या आवारापाशी पोचलो. फाटकाला बाहेरून साखळी आणि गंजलेलं कुलूप...

आत पिकअप उभी. आई तिच्या नेहमीच्या सीटवर, पट्टा लावून.

आम्ही कुंपणावरून उड्या टाकल्या.

"आई! कुणी आणलं तुला इथं?"

"हॅस्केलनं. आणखी कोण आणणार? पट्टाही त्यानंच लावला. हात बर्फासारखे गार होते रे त्याचे."

"अगं, तो मेलाय!"

"मेला म्हणून व्याज सोडतोय होय? मी म्हटलं, गाडी माझ्या पोराला राहू दे. उरलंय ते माझ्याकडून घे."

"मग? काय म्हणाला?"

"चालेल म्हणाला."

आई अजून आहे. सोमवारी डायलिसिसच्या आधी तिचं वजन करतात. दर सोमवारी थोडं कमीच भरतं. डॉक्टर म्हणतात, आजारच तसा आहे. असेलही... पण मला आता रविवार नकोसा वाटतो.

आईला विचारलं की ती चिडते.

"गाडी आहे ना दारात? मग झालं."