दिवसाला दोनच पानं

“द्या हो सिस्टर, फुकट छापून देतो. तुम्हाला कसलीही तोशीस नाही.”

हा आवाज मी फार लहानपणी ऐकला. गोड होता, तुपातून काढल्यासारखा. त्या आवाजाचा माणूस आत्याच्या गाण्यांचा गठ्ठा काखोटीला मारून जिना उतरला, आणि पुढे ती गाणी पुस्तकात आली, त्याच्या नावानं. आत्या मुलांच्या वॉर्डात नर्स होती. तापानं फणफणलेल्या लेकरांना थोपटता थोपटता जुळवलेली ती अंगाईगीतं. ऑफिसच्या टाइपरायटरवर तिनंच उतरवलेली. त्यानंतर ती पुन्हा गायली नाही. तिच्याजवळ उरल्या फक्त कार्बनच्या प्रती, निळ्या, पुसट, धुक्यातून बघावं तशा.

म्हणून वाचनालयाच्या तळघरात एक तरुण मला हसून “फुकट आहे” म्हणाला, तेव्हा मी त्या कार्बन प्रतींचा गठ्ठा आधी छातीशी धरला.

गेले होते झेरॉक्स काढायला. आत्याची नजर अधू झालीय. मोठ्या प्रती मिळाल्या तर तिची गाणी तिला वाचता येतील, एवढंच मनात. पण यंत्र बंद पडलेलं. पलीकडे स्कॅनरवर जुनी वर्तमानपत्रं अंथरून तो बसला होता, बाह्या दुमडलेल्या, कानामागे पेन्सिल.

“झेरॉक्सनं पुसट ते पुसटच राहील,” तो म्हणाला. “स्कॅन करू या. एक सॉफ्टवेअर आहे, चित्रातली अक्षरं उचलून टाइप केल्यासारखी देतं. मग हवी तेवढी मोठी करा.”

“आणि त्याचे किती?”

“फुकट आहे.”

“मी औषधाच्या दुकानात काम करते. फुकट आलेल्या गोळीची मी आधी तारीख बघते.”

“बघा की.” त्यानं दोन्ही हात वर केले. “सॉफ्टवेअर फुकट आहे हो, मी नाही.”

हसू आलं होतं. मी ते गिळलं. एक पान दिलं, तेही त्याच्या शेजारी उभी राहून. स्कॅनरचा उजेड पानाखालून सरकत गेला. पान त्यानं लगेच परत दिलं, पण मजकूर मात्र उद्या, म्हणाला.

“उद्या का?”

“फुकटचं आहे ना, सावकाश चालतं. दिवसाला दोनच पानं करतं.”

दुसऱ्या दिवशी मजकूर मिळाला. स्वच्छ, टपोरा, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. आत्यानं कागद नाकाशी नेला, मग हळूच लांब धरला… आणि लांबूनही तिला वाचता आलं. तिनं ते गाणं दोनदा वाचलं.

“कोण गं हा?” शेवटी तिनं विचारलं.

“स्कॅनवाला आहे कुणी. माझा नाही विश्वास.”

“मग केस कुणासाठी विंचरलेस?”

आत्याला लांबचं बरं दिसायला लागलं होतं.

मग रोज, ड्यूटी संपली की, मी तळघरात. गठ्ठा माझ्या पर्समध्ये, पर्स माझ्या मांडीवर. तो पान घेताना बोटांची टोकं धरायचा, जणू ते झोपलेलं आहे.

“औषधवाल्या बाई, तुम्ही माझ्याकडे असं बघता, जसं मी चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागतोय.”

“मागून तर बघा.”

“नको. हल्ली मला जागंच राहायला आवडतं.”

त्याचे डोळे खरंच तांबारलेले असायचे. माझ्या मनात पाल चुकचुकली. पान माझ्याजवळ परत येतं, पण त्याचं चित्र त्याच्याजवळ राहतं. हा जागून त्या चित्रांचं करतो तरी काय?

त्यात दुकानाशेजारच्या वकिलांची टायपिस्ट म्हणाली, “दिवसाला दोनच? अगं, तेच सॉफ्टवेअर आमच्याकडे आहे. अख्खी फाईल एका दमात गिळतं.”

तिच्याच कॉम्प्युटरवर, दुपारच्या सुट्टीत, मी झालेली सगळी पानं घातली. खरंच, एका दमात गिळली. आणि ओकला तो नुसता कचरा! आकडे, टिंबं, अर्धीमुर्धी अक्षरं. कार्बनचा तो निळा धूर यंत्राला वाचताच येत नव्हता.

म्हणजे दोन्ही खोटं, सॉफ्टवेअर सावकाश चालतं हेही आणि ते ही अक्षरं उचलतं हेही. मग ती स्वच्छ पानं आली कुठून? कुणाकडे जात होती आमची गाणी?

तशीच तळघरात गेले. बसलेसुद्धा नाही.

“माझ्या आत्याची गाणी कुणाला दिलीत?”

त्याच्या कानामागची पेन्सिल खाली पडली. त्यानं ती उचलली नाही.

“कुणालाच नाही.”

“एकदा आमचं गेलंय असंच. गोड बोलून. पुन्हा गेलं तर ती बाई उठायची नाही त्यातून, कळतंय का तुम्हाला?”

त्यानं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. डावीकडे कालच्या पानाचं निळं चित्र. पुसट ओळ भिंगाखाली धरल्यासारखी मोठी केलेली. उजवीकडे टाइप केलेल्या ओळी.

“यंत्राला पहिल्याच पानाला जमलं नाही,” तो हळू म्हणाला. “मी हातानं करतोय. घरी बसून. एका बैठकीत दोनच होतात, डोळे दुखतात.”

“मग जमत नाही असं सांगायचं.”

“सांगितलं असतं तर… तुम्ही गठ्ठा उचलून गेला असता.”

त्यानं मागची पानं एकेक पुढे सरकवली. कुठल्याच पानावर त्याचं नाव नव्हतं. प्रत्येक पानाच्या डोक्यावर आत्याचं होतं; ते यंत्रानंच उचललं असेल असं मी आजवर धरून चालले होते. मी सांगितलं नव्हतं. कार्बनच्या कोपऱ्यातून त्यानं शोधून काढलं होतं. आणि कालच्या पानावर, पहिल्या ओळीखाली, मोकळी जागा.

“ही ओळ लागतच नाही,” तो म्हणाला. “अंदाजानं भरवेना. त्यांची आहे ती.”

वरची ओळ होती:

*नीज नीज रे पाखरा, वारा दारात थांबला*

मी खुर्ची ओढून बसले. पर्स खाली ठेवली, त्याच्या पायाशी. आणि लहानपणी ऐकलेल्या आत्याच्या चालीत, दबक्या आवाजात, त्याला खालची ओळ दिली…

*तुझ्या उशाशी चांदवा, मांडी घालून बसला*

त्याची बोटं टाइप करता करता मंदावली. शेवटच्या अक्षरानंतरही तो पडद्याकडेच बघत होता.

“आता किती पानं राहिली?” त्यानं विचारलं. उत्तर नको असल्यासारखं विचारलं.

“थोडी.”

“मग… दोन-दोन करत लवकर संपतील.”

“नाही संपणार.” माझे कान तापले होते. स्वतःलाही सांगितलं नव्हतं ते मी सांगून टाकलं, “तुम्ही दिवसाला दोन म्हणालात ना… मी बरेचदा मुद्दाम एकच द्यायचे. दुसरं तेव्हा पर्समध्येच असायचं.”